कमलाक्षीच्या हातातला टाळ

कमलाक्षी पेडण्याची. लग्न होऊन आमोण्याला आमच्या वाड्यावर आली. तिचा नवरा भिकाजी माझ्याबरोबर खनिजाच्या बार्जवर फावडं मारायचा. फावडं अर्धंच भरायचा. उरलेलं बळ घरी नेऊन बायकोवर काढायचा.

तिचं पहिलं हाड मोडलं ते चुलीपुढे नाम गुणगुणताना. कुणाला आठवतेस, असं त्याने विचारलं. विठ्ठलाला, ती म्हणाली. त्याने तिच्या खांद्यावर पितळी तांब्या घातला.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी श्रावणात देवळात शिवदासबुवांचं कीर्तन झालं. बुवांनी सांगितलं, बाईला वेगळा देव नाही, नवरा हाच तिचा देव. मनात स्वतःची हौस उठली तर तिने ती उपवासाने मारावी. बुवांचा आवाज गोड. भिकाजी पुढे बसून मान डोलवत होता. घरी येऊन त्याने माडाच्या पिड्याने, झावळीच्या जाड दांड्याने, तिला झोडलं. आता बुवाही माझ्याच बाजूने बोलले, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भजनी सप्ताह बसला. आमची रीत अशी की समईपुढे नाम थांबता कामा नये. टाळ ज्याच्या हातात, त्याने म्हणत राहायचं. दुसऱ्याने हातातून घेईपर्यंत तो खाली ठेवायचा नाही. ठेवला तर सप्ताह मोडला.

दुपारी गडी पंगतीला गेले. पुढची पाळी नदीपलीकडच्या वाड्याची, त्यांची फेरीबोट अजून यायची होती. टाळ एकट्या म्हाताऱ्या बाबलीकडे. त्याला ढास लागली, आवाज बसला. मी लाकडांचा भारा घेऊन आत आलो, तेव्हा मंडप झाडणारी कमलाक्षी टाळ घेऊन उभी होती. मोठ्याने गात होती.

आवाज ऐकून गडी खरकट्या हातांनी धावले. भिकाजी पिडा घेऊनच आला. पहिला फटका पाठीवर. ती थांबली नाही. दुसरा डोक्यावर. रक्त डोळ्यात उतरलं, तरी ताल चुकला नाही. तिसरा उजव्या कोपरावर बसला. हाड वाजलेलं सगळ्यांनी ऐकलं. कुणी मध्ये पडलं नाही. बुवांचं कीर्तन सगळ्यांनीच ऐकलं होतं. भिकाजीने पिडा टाकला, टाळ हिसकावला आणि भिरकावायला हात वर केला.

बाबली खोकतच म्हणाला, "हातात घेतलंस ना रे? आता म्हण."

देवाचा कोप कुणाला हवा? भिकाजीने ओठ चाटले. मग विठ्ठल म्हणाला. बेसूर, पण म्हणाला.

कमलाक्षीने पदराने तोंड पुसलं.

"तूच देव ना रे? मग हाक कुणाला मारतोस?"

त्याच्या मुठी वळल्या, पण मुठीत टाळ होता. सोडता येईना, मारता येईना. कुणी त्याच्या हातातून टाळ घ्यायला पुढे झालं नाही. खांदे भरून आले, तरी फेरीबोट लागेपर्यंत तो म्हणत राहिला.

तोवर ती मोडका हात पोटाशी धरून बाहेर पडली होती. तशीच पेडण्याच्या बसमध्ये चढली. परत आली नाही. कोपर पुढे सरळ झालं नाही. पेडण्याजवळच्या तुयेच्या एका कारखान्यात ती डाव्या हाताने डबे भरते, आणि भरताना गाते.