हिरव्या शाईचं संशोधन

मॅडमना किळस आली की त्या नाकाला पदर लावत. प्रयोगशाळेत सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटला, मुलं खिडक्यांकडे पळाली, तरी त्यांचं नाक हलत नसे. पण कोणी प्रयोग न करता मनानं आकडे लिहून आणले, की पदर वर. "मले किळस येऊन राह्यली," म्हणायच्या आणि वही परत द्यायच्या.

वर्ध्याच्या एका कॉलेजात आम्ही दोघं रसायनशास्त्र शिकवायचो. रेणूंची उत्तेजित अवस्था हा त्यांचा विषय. रेणू प्रकाश पितो, वरच्या पायरीवर चढतो आणि उतरताना स्वतःचा प्रकाश सोडतो. तो मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं, पण त्यातला दिवा जळाला होता. नवा मागवायला प्राचार्यांना फुरसत नव्हती. एम.एस्सी.ची मुलं तो प्रयोग न करताच पास होत. अशी कापडाखाली झाकलेली यंत्रं तुम्हीही पाहिली असतील.

मग तपासणी समिती यायची ठरली. प्राचार्यांनी हायलायटर पेनांची शाई पाण्यात कालवून बाटल्या भरायला लावल्या आणि नोटा तपासायचा जांभळा टॉर्च आणवला. अंधाऱ्या खोलीत बाटल्या हिरव्यागार चमकायच्या. आमचं संशोधन चालू आहे, असं सांगायला मुलांना पढवलं गेलं.

समितीचे अध्यक्ष हरखलेच. हे संयुग कोणतं, असं त्यांनी कारंज्याहून येणाऱ्या एका मुलीला विचारलं. ती मान खाली घालून उभी राहिली. मॅडम पुढे झाल्या.

"सर, ही पेनची शाई आहे. यंत्र बंद आहे. हिला काही विचारू नका, आम्ही हिला हे शिकवलेलंच नाही."

मला वाटलं, आता संपलं. पण अध्यक्ष हसले. तुमच्या मॅडम भारी विनोदी आहेत, असं प्राचार्यांना म्हणाले आणि जेवण कुठे आहे ते विचारलं. बोटांवरचं श्रीखंड चाटत त्यांनी आमच्या प्रयोगशाळेची तारीफ केली. मॅडम जेवल्याच नाहीत.

निघताना मी म्हणालो, बोलून काही उपयोग झाला नाही.

"पोरगी मान खाली घालून उभी होती ना," त्या म्हणाल्या, "मले थे पाहवलं नाई."

प्राचार्यांनी त्यांच्याकडचे एम.एस्सी.चे तास काढून घेतले. तेव्हा त्यांनी मुलांना बोरगाव मेघेला आपल्या घरी बोलावलं. मीही गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीला सतरंजी टांगली होती. पालक वाटून, स्पिरिटमध्ये कालवून त्यांनी गाळून ठेवला होता. त्या हिरव्या पाण्यावर जांभळा टॉर्च पडला आणि पाणी रक्तासारखं लाल दिसू लागलं.

कारंज्याच्या मुलीनं हळूच विचारलं, यात काही मिसळलं तर नाही ना?

मॅडमचा चेहरा उतरला. मग उरलेली जुडी त्यांनी तिच्या हातात दिली. "तूच वाट, तूच गाळ. माह्यावर विश्वास ठेवू नको."

तिनं वाटला, गाळला. पुन्हा तोच लाल उजेड. पोरगी त्याच्याकडे बघत राहिली आणि मॅडम तिच्याकडे. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

उन्हाळ्यात काविळीनं त्या गेल्या. शोकसभेत प्राचार्यांनी फोटोला हार घातला. मॅडमची सत्यनिष्ठा हीच आपल्या कॉलेजची परंपरा आहे, असं म्हणाले आणि रुमालानं डोळे टिपले. कारंज्याची मुलगी मधूनच उठून बाहेर गेली. भाषण संपेपर्यंत ती व्हरांड्यातल्या नळाशी वाकून चुळा भरत होती.