केसांतून आलेलं निळं

"मागचं पांढरं काढून पाठव बे. मी निळं बॅकग्राउंड टाकून राह्यलो," फ्लेक्स छापणारा मित्र फोनवर म्हणाला. दुसऱ्या दिवशी वरवट बकालला सुनीताताईंच्या वारलेल्या आईचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता.

मी सोनाळ्यात कॉम्प्युटरवर पोर्ट्रेट रंगवतो. आईंचा फोटो असा एकच होता, लग्नाच्या घोळक्यातला, आणि त्यात अर्धा चेहरा पदराआड. म्हणून फ्लेक्ससाठी तीन दिवस ताई माझ्या शेजारी बसून सांगत होत्या आणि मी रंगवत होतो.

"भाऊ, केस एकदम पांढरे पाहिजेत. बाबा तिले त्याच्यावरूनच चिडवत."

चित्र पूर्ण झालं तेव्हा त्या स्क्रीनकडे बघून रडल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

केस मी कमी ओपॅसिटीच्या ब्रशने रंगवले होते. म्हणजे रंग इतका पातळ की खालचं दिसतं. खाली पांढरा लेअर, म्हणजे रंगाचा थर होता, म्हणून केस पांढरे दिसत होते. गालांवरचा उजेडही तसाच. आता मित्राला मागचं काही नको होतं. जेपीजी फाइलीत पारदर्शक जागा राहत नाही, पीएनजीत राहते. मी पांढरा लेअर बंद केला, ट्रान्सपरन्सी ठेवून पीएनजी काढली आणि पाठवली. उघडून बघितली नाही असं नाही. बघितली, पण फोनवर, पांढऱ्या पानावर. तिथे सगळं छानच दिसणार.

मंडपात शिरलो आणि समोर फ्लेक्स दिसला. केस निळे, गाल निळसर. पातळ रंगातून मागचं निळं आरपार आलं होतं. बुद्धवंदना सुरू झाली होती. आता सांगायचं तरी कोणाला?

वंदना संपल्यावर ताई जवळ आल्या. "भाऊ, काल तं पांढरे होते न?"

"हाव ताई. चूक माझी आहे."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात त्यांचे बाबा काठी टेकत फ्लेक्ससमोर आले. लेकीला हळूच विचारलं, "हे कोन व्हय वं माय?"

ताईंनी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

दुरुस्तीला दहा मिनिटंही लागली नाहीत. आकृतीच्या खाली तेवढ्याच आकाराचा पांढरा लेअर भरायचा, बस. नवीन प्रिंट फ्रेम करून दोन दिवसांनी मी स्वतः ताईंच्या घरी घेऊन गेलो. बाबांनी फ्रेम मांडीवर घेतली, काचेवरून बोट फिरवलं.

"हाव, हेच ते," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "त्या दिवशी आली असती तं सगळ्यायनं पाह्यली असती."

आता कुठलीही पीएनजी पाठवण्याआधी मी खाली भडक लाल लेअर टाकून, तो कुठून आरपार दिसतो का ते बघतो. पाच सेकंद लागतात.