बाबांच्या मनगटावरचा पट्टा

नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत मनगटावर बांधायच्या पट्ट्याची चाचणी चालू होती. घामातून निघणारं मद्य तो मोजतो आणि आकडे सतत संगणकावर पाठवतो. पिणारे तपासून झाले होते, आता अजिबात न पिणारा माणूस हवा होता. मी बाबांचं नाव सुचवलं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, आता पुन्हा प्यायलात तर यकृत वाचणार नाही. तेव्हापासून त्यांनी दारू सोडली होती. घरातली पहिली पदवीधर मी, आणि माझ्या कामात बाबा उपयोगी पडणार, याचा मला केवढा अभिमान वाटला होता!

बाराव्या दिवशी सकाळी संगणकावरच्या आलेखात त्यांची सपाट रेष एकदम उभी चढली.

घरी फोन कुणी उचलेना. प्रयोगशाळेच्या मॅडमना जेमतेम सांगून मी गावची, पारशिवनीची एसटी धरली. वाटभर दवाखान्यातली ती खाट आणि बाबांचे पिवळे डोळे दिसत राहिले.

बाबा अंगणातच होते. "काहून आली वं मधातच?"

"बाबा, तुम्ही घेतली का?"

ते जवळ आले, वाकले आणि माझ्या तोंडावर फुंकर मारली. मी लहान असताना आई रोज संध्याकाळी दारात त्यांना अशीच फुंकर मारायला लावायची, मगच आत घ्यायची. कांद्याचा वास आला, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा आला. दारूचा नाही.

त्यांच्या मागे अंगणात मोहफुलांचं पोतं ओतलेलं होतं. "ढोराईसाठी ठेवलं होतं, ओलं होऊन आंबलं. सकाळपासून हातानं उपसून राहिलो," बाबा म्हणाले. पट्टा त्या रसाने चिकट झाला होता.

"मशीनले नाक नाही, तुले तं आहे ना वं?" घरामागून येत आई म्हणाली.

प्यायलेली दारू घामात हळूहळू उतरते, रेष अशी उभी चढत नाही; बाहेरून पट्ट्याला मद्य लागलं तरच चढते. हे मीच नव्या मुलांना शिकवते. भीतीपायी मी फक्त रेषेची उंची पाहिली होती.

शरमेने मी पट्टा सोडायला गेले. बाबांनी हात मागे घेतला.

"राहू दे. या वासानं मलेच भेव वाटून राहिलं सकाळपासून."

मी पट्टा पुसून पुन्हा बांधला. तोवर आईने फुलं पोत्यात कोंबली होती आणि ती पोतं ओढत कुंपणापलीकडे निघाली होती.