मुलीच्या दोन वेण्या

२००४ साली आम्ही पुण्याजवळ नेरे गावात एका शेतकऱ्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. बायको हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत, तिची बस सकाळी पावणेसातला. माझं ऑफिस बावधनला, दहाचं. त्यामुळे दुसरीतल्या मुलीच्या वेण्या मी घालायचो. मला ते जमायचं, आवडायचंही. लहानपणी वडिलांनी अंबाडीचा तिपेडी दोर वळायला शिकवला होता, हात तसाच चालायचा. दोर वळणं पुरुषाचं आणि वेणी घालणं बाईचं, हे कुणी ठरवलं ते मला आजही कळलेलं नाही. पण मी ते मुकाट मानलं.

एकदा गॅलरीत रिबिनी बांधत होतो. खालून गोठ्यातून घरमालकांनी पाहिलं.

"साहेब, आमच्या कालवडीच्या शेपटीलाबी घाला की एक. लई झिपऱ्या झाल्यात."

त्यांची बायको म्हणाली, "आवं, गप ऱ्हावा. गरीब हायेत ते. घरात काय चालत न्हाई त्यांचं."

मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून दार लावून वेण्या घालू लागलो. शाळेत बाईंनी विचारलं तर 'आईने घातल्या' असं सांग, हेही शिकवलं. "खोटं का सांगायचं?" असं मुलीने विचारलं की तिच्यावरच खेकसायचो. शेवटी या लपवाछपवीला इतका वैतागलो, की बायको कामावर असताना मुलीला न्हाव्याकडे नेलं आणि केस कानापर्यंत कापून आणले. ती रडली नाही. आरशातून माझ्याकडे बघत राहिली.

परतलो तर खाली घरमालक होतेच. "पोरीचं पोरगं केलं व्हय, साहेब?" म्हणजे तेही चालत नव्हतं.

बायकोला सांगितलं, उवा झाल्या होत्या. "माझंच लक्ष नाही," ती म्हणाली. दोन दिवस ती कामावरून आल्या आल्या, पर्ससुद्धा न ठेवता, मुलीचं डोकं तपासत होती आणि मी ते बघत होतो. तिसऱ्या दिवशी मुलगीच म्हणाली, "उवा नव्हत्याच. बाबांना लोक हसतात म्हणून कापले."

"कोण हसतं?" बायकोने मला विचारलं.

"खालचे."

"अजून?"

अजून कुणीच नव्हतं.

"हसत होते तुम्हाला. मग केस तिचे का कापले?"

केस पुन्हा पाठीवर यायला दोन-अडीच वर्षं लागली. एका सकाळी मी आपणहून फणी घेऊन गॅलरीत बसलो, तिला हाक मारली.

"राहू दे बाबा, मला येते आता," म्हणाली, आणि आरशासमोर उभी राहून आपली वाकडीतिकडी वेणी घालू लागली.