दत्तोबाचा धंदा नेमका कसला?

धायरीतला दत्तोबा मंडपवाला आणि मी गावच्या शाळेत एकाच पोत्यावर बसून शिकलो. त्यामुळे अडचण आली की पहिली हाक मला. २००७ च्या दिवाळीनंतर त्याचा फोन आला.

"आप्पा, लगेच ये. आपण कोण हाय ते ठरवायचंय."

म्हटलं, साठी उलटल्यावर का होईना, सुचलं!

गेलो तर ओसरीवर कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढं सून पूर्णिमा. ती हिंजवडीला कंपनीत. खास रजा काढून बसलेली. भानगड अशी, की सिंहगड रोडवरच्या एका मंगल कार्यालयाला अख्ख्या हंगामासाठी मंडपवाला हवा होता. ते काम हुकलं तर दत्तोबाची बारा माणसं रिकामी बसणार. आणि कार्यालयाचे नारायण पेठी मॅनेजर त्याची वेबसाइट पाहून फोनवर म्हणाले होते, "अहो, आपण नवरदेव नेता की प्रेत, तेवढं शुक्रवारपर्यंत कळवा."

त्यांचं तरी काय चुकलं? भाच्यानं बनवलेल्या त्या वेबसाइटवर वर गरगर फिरणारा झेंडू, मधे नवरा-नवरी, आणि बरोबर त्यांच्या पायाशी लाल अक्षरांत 'तिरडीचे सामान चोवीस तास'. शेजारी पाण्याचा टँकर.

पूर्णिमा म्हणाली, "मामा, आपला ब्रँड एक पाहिजे. पाच सेकंदांत समोरच्याला कळलं पाहिजे. मी तिरडी काढून टाकते."

"लग्न काढ," दत्तोबा म्हणाला.

माझा चहा बशीतच राहिला.

"लग्नाला मंडपवाले छप्पन्न मिळत्यात. मयताला कोण येतं?"

पूर्णिमानं माझ्याकडं बघितलं. मला ब्रँड म्हणजे विडीच्या बंडलावरचं चित्र तेवढं ठाऊक. मग मला जे येतं तेच केलं, गोष्ट सांगितली. दत्तोबाचे वडील गेले तेव्हा आम्ही विशीतले. परगावचे पाहुणे दारात उभेच, आणि घरात बसायला एकच घोंगडी. आम्ही दोघांनी शाळेतल्या सतरंज्या डोक्यावरून आणल्या. (माझ्या सतरंजीत विंचू होता, पण ती वेगळी गोष्ट.) पुढच्याच महिन्यात दत्तोबानं स्वतःच्या दोन सतरंज्या घेतल्या. गावात कुणाचं काही झालं की हा हजर. लग्नं मागनं आली.

पूर्णिमानं माउस बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हणजे आपलं काम लग्नाचं नाही, मयताचंही नाही. माणसं जमली की त्यांना बसवायचं."

"बसायचा धंदा म्हणू नगं, सूनबाई. लोक म्हणतील, बसला धंदा!"

पण तिनं ऐकलं नाही. झेंडू गेला, नवरा-नवरी गेली, तिरडी गेली, टँकरही गेला. त्या जागी आला एकच फोटो: मोकळ्या पटांगणात खुर्च्यांच्या रांगा, पुढं एक सतरंजी. खाली एक ओळ, 'माणसं जमणार? बसायची सोय आमची.' आणि फोन नंबर. दत्तोबा पडद्याकडं बघत राहिला. "आप्पा, ह्यात मी कुठं हाय रं?" मलाही दिसेना.

शुक्रवारी मी ओसरीवर पाय ठेवतो तोच मॅनेजरांचा फोन आला.

"साइट पाहिली. यात लग्न कुठं दिसत नाही."

"मयत दिसतंय का?" दत्तोबानं विचारलं.

पलीकडं माउस खटखटला. मग, "नाही. बरं, सातशे खुर्च्या होतील?"

"हजार हायेत."

"सातशेच विचारल्या. पहिलं लग्न बघू, मग हंगामाचं."

फोन ठेवून दत्तोबा माझ्याकडं वळला. "काम मिळालं, आप्पा. पण मग आपण नेमकं कोण ठरलो?"

म्हटलं, "आधी मला बसायला दे. मघापासनं उभाच आहे."