पुड्यांनी आलेलं तेज

संधिवातामुळे आईची कामं एकेक करून माझ्याकडे आली होती. बोटं वळेनात, म्हणून भाकरी थापणं बंद. गुडघे सुजलेले, म्हणून नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या माडीवरून खाली उतरणंही बंद. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांच्या ओळखीच्या कुणीतरी एक वैद्य सांगितला. त्याच्या पांढऱ्या पुड्या सुरू झाल्या आणि आठवड्याभरात आई स्वतः जिना उतरून भाजीला गेली. आम्ही बघतच राहिलो.

पुढच्या काही महिन्यांत तिचा चेहरा भरला. गाल गोल, लालसर. आल्यागेल्या बायका म्हणत, "मस्त तब्येत झाली वं तुई!" बांगडी जराशी घासली तरी हातावर काळेनिळे डाग उठत, पण तिकडे कोण बघतो? आईने शेजारच्या काकूंनाही त्याच वैद्याकडे धाडलं.

कुहीला मावशीच्या मुलीचं लग्न होतं. निघताना मी पुड्यांची आठवण करून दिली, तर आई म्हणाली, "बरी तं झाली मी आता. तिथं कायले?"

आधी ती लग्नघरात हौसेने वावरली. हळदीच्या दिवशी मात्र उलट्या सुरू झाल्या, मग उठून बसवेना. मावशीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. आई बोलेनाशी झाली, अंग गार पडलं, तेव्हा बाबांनी कुणाची तरी जीप मिळवली आणि आम्ही तिला नागपूरला दवाखान्यात आणलं.

डॉक्टर बाई तरुण होत्या. "औषध कुठलं चालू होतं?"

"काहीच नाही," बाबा म्हणाले. "देशी पुड्या घेते, तेवढंच."

बाईंनी आईच्या हातावरचे काळेनिळे डाग पाहिले, मग चेहरा. "चेहरा आधीपासून असाच गोल?"

"नाही," मी कौतुकाने सांगितलं, "तब्येत सुधारली ना आता."

"याला सुधारणा म्हणता तुम्ही?" असं म्हणत त्यांनी इंजेक्शन मागवलं. पुड्यांत स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली असणार, त्या म्हणाल्या; गालांची सूज आणि हे डाग त्याचेच. ते रोज बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडून देतं. एकदम तोडलं तर माणूस दगावतो.

त्या गालांचं मी मैत्रिणींनाही कौतुक सांगितलं होतं.

बाबा तडक वैद्याकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "बंद काहून केली जी? चालू ठेवाची होती." बाबा परत येऊन दवाखान्याच्या बाकावर बसले.

आई वाचली. ते औषध थोडं थोडं कमी करत सोडवायला कित्येक महिने गेले, सांधे पुन्हा आखडले, वेगळे इलाज झाले. पण ते सगळं नंतरचं. घरी आली त्याच दिवशी ती माझा हात धरून काकूंच्या दारात गेली.

"त्या पुड्या आपल्या मनानं बंद करू नको वं. आत्ताच दवाखान्यात चाल. पुडी संगं घे. माहे गाल तिच्यानंच सुजले."

काकू हसल्या. "तुले मानवली नसन. मले तं लय आराम हाये."

आई उंबऱ्यावरच टेकली. "तू निघाल्याबिगर मी इथून उठत नाही."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा हात आपोआप स्वतःच्या भरलेल्या गालाकडे गेला, आणि त्या पिशवी आणायला आत वळल्या.