कागदावरचं पडीक

आमच्या गावाच्या उत्तरेला काळी माती संपते आणि मुरूम लागतो. तिथून वर नाल्यापर्यंत गायरान आहे. खाली कपाशी, तूर. वर नुसतं गवत. आमची आणि पलीकडच्या तांड्याची गुरं तिथंच चरतात. कागदावर मात्र ते ‘पडीक’ आहे. या एका शब्दाचा मला अजून राग येतो.

चैत्रात वडील गेले. तेरवी आटोपली त्याच आठवड्यात कळलं, की गायरानात झाडांसाठी खड्डे खोदून भोवती तारेचं कुंपण घालणार आहेत. थोरल्या भावाकडे वडिलांनी वाढवलेल्या सात गाई. गायरान बंद झालं तर त्या विकाव्या लागणार, हे तो जेवताना एकदाच बोलला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तू शिकेल हायस. अर्ज लिहून दे. परवा महागावले तहसीलीत नेऊ.”

मी पुसदला शाळेत मराठी शिकवतो. तासाभराचं काम होतं. पण बसलो आणि अडलो. पडीक नाही म्हणायचं, तर तिथं काय उगवतं ते सांगायला हवं. पवन्या गवत कुठल्या उतारावर, मारवेल कुठं, कुसळी गाय कधीपर्यंत खाते, हे वडिलांना ठाऊक होतं. मी कधी विचारलं नव्हतं. मग पुस्तकं आणली. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. खरं तर लिहीत होतो तोवर वडिलांशी बोलल्यासारखं वाटायचं, म्हणून संपवावंसंच वाटत नव्हतं.

“काहून रे मास्तर, अर्ज लिहून राह्यला का पोथी?” काकू दारातून ओरडायची. “गाईले वाचून दाखवतो काय?”

लिहायला बसल्यापासून नवव्या दिवशी महागावला गेलो. साहेबांनी चारही पानं वाचली. “भाषा फार सुंदर आहे हो,” ते म्हणाले. “पण हरकतीची मुदत सोमवारीच संपली. उद्यापासून मशीन लागेल.” तरी त्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली.

भाऊ बाहेर मोटारसायकलपाशी उभा होता.

“काय म्हनले?”

“ठेवून घेतला. शिक्का मारला.”

“मंग झालं तं!” त्यानं गाडीला किक मारली. रस्ताभर तो खुशीत बोलत होता. मुदतीचं न सांगता मी मागे बसून पोचेची घडी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाई सोडून निघाला, तेव्हाही मी अडवलं नाही. तासाभरात तो परतला. उपाशी गाई एकेक करून बांधल्या, कडबा टाकला आणि मग विचारलं, “तुले मालूम होतं?”

“हो.”

“मंग सांगाले काय झालतं बे?”



पुढच्या बाजाराला त्यानं चार गाई विकायला काढल्या. मी सोबत येतो म्हणालो.

“तू नोको येऊ,” तो दाव्याची गाठ सोडत म्हणाला. “तू गाईचं वर्णन करत बसशीन, अन् गिऱ्हाईक चाललं जाईन.”